गयामावशीच्या पत्र्यावरची प्लेट

सोलारच्या प्लेटा बसवणाऱ्याला किस्से विचारू नका, जेवायची वेळ टळेल! मी आणि माझा जोडीदार सलीमभाई शिरूर कासारच्या वस्त्यांवर शिडी घेऊन हिंडतो. घरी आलो की बायको विचारते, "आज काय आणलं?" मी म्हणतो, "किस्सा!" बाकीचे राहू द्या, आज गयामावशीचेच सांगतो. ती बाई मला लई जवळची.

मावशीचा लेक आणि सून सुनीता दरसाल दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. नात आरती नववीत. तिनं फडावर जाऊ नये, घरी राहून शाळा शिकावी, हा मावशीचा एकच ध्यास. पण वस्ती रानात, लाईटीचा खांब लांब. सुनीतावैनी म्हणायच्या, "म्हातारी आन तरणी पोर, दोघीच अंधारात? मी न्हाई ठिवायची!"

मावशीनं आम्हाला बोलावलं. "उजेड पाड बाबा. न्हाईतर माझी पोर गेली कोयत्याला."

*

पहिल्याच दिवशी भांडण! मी म्हटलं, "मावशी, प्लेटचं तोंड दक्षिणेला."

मावशीनं शिडीच धरली. "दक्षिणेला? यमाची दिशा हाय ती! दिवाळीत तिकडं वात करून यमाला दिवा लावत्यात. पूर्वेला कर."

"पूर्वेला केली तर दुपारनंतर ऊन न्हाई मिळायचं," सलीमभाई म्हणाला. "मग रातच्याला बल्ब झोपा काढंल."

मावशीनं नातीकडं बघितलं आणि शिडी सोडली. "कर मग. यम आलाच तर मी बघते त्याच्याकडं!"

*

चार दिवसांनी फोन. "बल्ब मिणमिण करतोय, कावून?"

पळत गेलो. वर चढून बघतो तर प्लेटवर बाजरीच्या खारोड्या वाळत घातलेल्या! बोट ठेवायला जागा नाही. मावशीनं आरतीला वर चढवून घातल्या होत्या.

मी ओरडलोच. मावशी म्हणाली, "इतकी सोच्छ आन इतकी तापणारी जागा वस्तीत दुसरी हाय का? लेक-सून चालले, संगं द्याय नको काही?"

सलीमभाईनं एक खारोडी तोंडात टाकली. "बॅटरी भरली न्हाई, पण ह्या फस्टक्लास वाळल्यात!"

*

मग सुनीतावैनींनी अट घातली. "निघायच्या आदी सलग तीन दिस लाईट टिकली तर पोर हितं. एक दिस जरी गेली तर संगं."

आणि दुसऱ्याच दिवशी आभाळ आलं! आमचा जीव टांगणीला. मावशीनं पंख्याची पिन उपटली आणि पंखाच काखोटीला मारला. लेक मोबाईल चार्जिंगला लावायला गेला तर हातावर चापट! "तुझं बोलणं ऱ्हाऊ दे. पोरीचं शिकणं हाय त्या बॅटरीत."

बल्ब लागला तो फक्त आरतीच्या पुस्तकावर. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. लाईट टिकली बाबा!

*

ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाला हे कुठं माहीत? आला आणि म्हणाला, "पोरगी येती ना? सैपाकाला तरी हुईल."

तेव्हा आरती पत्र्यावर ओल्या फडक्यानं प्लेट पुसत होती. मावशी म्हणाली, "तिला कामाला लावलंय आदीच, सूर्याच्या हाताखाली!"



*

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही वायर बघायला गेलतो. ट्रॅक्टर दारात उभा. गाठोडी चढली, भांडी चढली. सुनीतावैनी वर चढल्या आणि परत उतरल्या. मला बाजूला घेतलं. वाटलं, बॅटरीत पाणी कधी घालायचं ते विचारणार.

हळूच म्हणाल्या, "भाऊ, फडावरनं दिसंल का हो हितला उजेड?"

कुठं तो लांबचा साखर कारखाना आणि कुठं शिरूर!  

आरतीनं ऐकलं होतं. ती पळत आत गेली आणि दारावरचा बल्ब लावला. सकाळी दहा वाजता, लख्ख उन्हात!

ट्रॅक्टर निघाला. वैनी मागं तोंड करून बसलेल्या, वळणापर्यंत त्या बल्बाकडं बघत. एरवी दिवसा कुणी लाईट लावली की मी अंगावर धावून जातो. सलीमभाईनं माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे चालू."