अंदाज नको, तोलून घ्या

तुमच्या आजोबांचं शेवटचं वाक्य माझ्यासाठी नव्हतं, एका नर्ससाठी होतं. औषधाचं प्रमाण ठरवायला तिनं विचारलं, "अंकलजी, वज़न कितना है?" मी घाईनं म्हटलं, "साठ लिख दो." त्यांनी डोळे उघडले. "अंदाज़ा मत लिखना बेटा, तौल लो." चाकाच्या खुर्चीसकट तोललं, खुर्चीचं वजन वजा केलं... एक्कावन्न निघालं. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्याच दुपारी ते गेले. मिहिका, ओम, तुम्हाला एवढ्या लांबून वेळेत पोहोचता आलं नाही, म्हणून पाच आठवड्यांनंतर हे क्रमानं लिहिते आहे. मराठी वाचताना अडलात तर आईला वाचून दाखवायला सांगा.

तुम्हाला ते गमतीशीर वाटायचे. झिरकपूरच्या आपल्या इमारतीत लिफ्ट भरलेली असली की शेजारचे ग्रेवालजी आतून हाक मारायचे, "आ जाओ सरजी, जगह है!" आजोबा बाहेरूनच म्हणायचे, "जगह तो है जी, वज़न की गुंजाइश नहीं है," आणि चार मजले चढून यायचे. दाराजवळच्या खुंटीवर हुकाचा ताणकाटा असायचा. विमानतळ दहा मिनिटांवर असूनही तुमची प्रत्येक बॅग आधी त्या हुकाला लागायची. ओम, तू त्यांना चिडवायचास, "आजोबा, मुझे भी टाँग दो!" काट्याची स्प्रिंग सैल झाल्यामुळे तो अर्धा किलो जास्त दाखवतो, तेवढं ते न विसरता वजा करायचे. मिहिका, आपल्या घरी लोणचं विकतचंच का असतं, असं तू एकदा विचारलं होतंस. मी विषय बदलला होता. ते आता सांगते.

आमचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. आजोबा हवाई दलाच्या एका छोट्या तळावर होते आणि तिथून डोंगरातल्या चौकीवर जाणाऱ्या लहान विमानात किती माणसं, किती सामान, याचा तक्ता करून सही करणं हे त्यांचं काम. पेट्या तोलल्या जात. माणसांच्या हातातलं सामान मात्र कुणी तोलत नसे. तशी पद्धतच नव्हती. वर कुणाचा भाऊ, कुणाचा नवरा. विमान निघालं की प्रत्येक घरातून काहीतरी जाई... कुणाची रजई, कुणाचे लाडू, कुणाचं शिलाई यंत्रसुद्धा. माझा भाऊ वर होता. मी माहेरून आणलेल्या जोडीतल्या एका चिनी मातीच्या बरणीत कैरीचं लोणचं भरलं आणि आजोबांना न सांगता वैमानिक बलजीतकडे दिलं. तो हसला. "भाभीजी, पक्का पहुँचेगा. बस आधा मैं खा लूँगा."

जून महिन्यातली भर दुपार होती. तापलेली हवा विरळ होते आणि पंखांना पुरेसा आधार देत नाही, हे मला नंतर कळलं. विमानानं धावपट्टी जवळजवळ संपवली, ते जेमतेम वर उचललं गेलं, आणि कुंपणापलीकडच्या शेतात कोसळलं. बलजीत आणि आणखी दोघं गेले. आजोबा तिथं विखुरलेलं सामान गोळा करून संध्याकाळी घरी आले तेव्हा त्यांच्या बाहीला मोहरीचा आणि हिंगाचा वास होता. मी शर्ट भिजत घातला.

चौकशीत त्यांच्यावर ठपका आला नाही, पण पुढे ते नव्या मुलांना शिकवताना सांगत, "जमिनीवर विमान तक्रार करत नाही. ते धावतं, त्यामुळे आपल्याला वाटतं की ते उडेल. खरं काय ते पट्टी संपताना कळतं, आणि तेव्हा थांबायला जागा नसते." घरी एकदाच म्हणाले, "कुणा एकाचं सामान जड नव्हतं गं." मी मान खाली घालून भाजी निवडत राहिले. तेव्हा बोलायला हवं होतं. त्यानंतरही बोलायला हवं होतं. माझी बरणी दोन-अडीच किलोंची असेल, तेवढ्यानं काय होणार, असं मी स्वतःला आयुष्यभर सांगत आले.

गेल्या आठवड्यात त्यांचं कपाट आवरताना एक जुनी वही सापडली. त्या दिवसाचा तक्ता त्यांनी पुन्हा मांडला होता, यावेळी हातातल्या सामानासकट. रजई, शिलाई यंत्र, लाडूंचा डबा... कुणाचंही नाव नाही. सगळ्यात शेवटी लिहिलं होतं : "लोणच्याची बरणी, घरची. जोडीतली दुसरी भरून तोलली. पाच किलो."

म्हणजे त्यांना माहीत होतं. मी घरी नसताना कधीतरी त्यांनी ती दुसरी बरणी फळीवरून उतरवली, भरली, तोलली, आणि पुसून जागेवर ठेवली. मग एवढी वर्षं माझ्या हातचं जेवले.

आज सकाळी मी ती बरणी काढली, पाण्यानं गळ्यापर्यंत भरली, कापडी पिशवीत घातली आणि ताणकाट्याच्या हुकाला लावली. काटा बराच वेळ हलला. मग साडेपाचवर थांबला. अर्धा किलो मी वजा केला.

पिशवी खाली उतरवायला हवी. अजून उतरवलेली नाही.