आबा त्या खुर्चीत पहिल्यांदा बसले

मंडळी, दुपारपासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय, म्हणून इथे लिहितेय.

घराच्या नकाशासाठी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन पालीहून मिरजोळ्याला एका आर्किटेक्टबाईंकडे गेले होते. त्यांच्या ऑफिसात एक आरामखुर्ची होती. वाकवलेलं प्लायवूड, काळं चामडं, जुनं विदेशी डिझाइन. आबा थेट तिच्याकडे गेले, गुडघे टेकून खाली वाकले आणि तिच्या कडेवरून बोट फिरवू लागले.

मी ओशाळले. बाईंना म्हटलं, "मुंबईत फर्निचरच्या कारखान्यात होते. तीस वर्षं अशाच खुर्च्यांना पॉलिश केलंय त्यांनी."

"मग बसा ना, आबा!"

"नको. कपडे धुळीचे आहेत. आमाला बसायची परवानगी नव्हती."

"इथे मी देते परवानगी."

आबा आधी नुसते कडेवर टेकले. मग हळूच मागे रेलले, पाय समोरच्या स्टुलावर घेतले. मान मागे टेकवून पाहत म्हणाले, "मान नाय टेकत गो नीट. उंच माणसासाठी केलेली दिसते."

बाई हसत उशी घेऊन आल्या. ती मानेखाली गेली आणि आबांनी डोळे मिटले. नकाशाचं बोलणं आम्ही कुजबुजत उरकलं.

निघताना आबा म्हणाले, "पुढच्या खेपेला तुझ्या आयशीला आणूया. तिला वाटायचं, मी मुंबईत रोज असल्या खुर्चीत बसतो."

तुमच्या घरात आहे का असं कोणी, ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी बनवलेली वस्तू स्वतः कधी वापरलीच नाही? विचारलंय कधी त्यांना?