पेटीचा भाता

नवरा गेल्यानंतरची पहिली दिवाळी सासूने आणि मी समुद्रपूरच्या घरात काढली. दोघीच होतो. वर्ष सरलं नव्हतं म्हणून सण नव्हता. दारात रांगोळी नाही, आकाशकंदील नाही. शेजारणीने आणून दिलेला चिवडा डब्यात तसाच होता.

जाम गावच्या चौकात आमच्या गाडीला ट्रकने उडवलं होतं. नवरा जागीच गेला. माझा डावा हात मोडला. आत धातूची पट्टी बसवली, पण मनगट पुन्हा वळलं नाही. दवाखान्यात सासूने मला एकच विचारलं होतं, "तू कशी वाचली व?" त्यानंतर आमच्यात कामापुरतं बोलणं उरलं.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी बाहेर फटाके वाजत होते. घरात बसवेना, म्हणून मी झाडझूड काढली आणि पलंगाखालून त्याची पेटी ओढली. तो गावच्या भजनात वाजवायचा. लग्नानंतर त्याने मलाही एक चाल शिकवली होती, तेवढीच मला येते. उजवी बोटं पट्ट्यांवर ठेवली, पण डाव्या हाताने भाता दाबेना. सूर निघायचा आणि अर्ध्यातच बसायचा.

सासू आतून आली. वाटलं, आता रागावेल.

"काऊन अशी तोडून तोडून वाजवून राह्यली?"

"हात चालत नाई माया, आई."

ती गुडघे धरत पेटीपलीकडे बसली. "तू वाजव. भाता मी हालवतो."

आधी ती फार जोरात हलवायची, पेटी ओरडायची. मी म्हटलं, "हळू, आई." मग जमलं. तिचा हात आणि माझी बोटं एका श्वासात चालू लागली. ती गुणगुणायला लागली. शब्द तिला माझ्यापेक्षा जास्त आठवत होते. उजेड गेला तरी आम्ही दिवा लावायला उठलो नाही. उठताना तिने माझं वाकडं मनगट हातात घेतलं. "दुखते का व?" एवढंच म्हणाली.

पाडव्यालाही आम्ही बसलो.

भाऊबीजेला धाकटा दीर पुण्याहून आला. "दोघी इथं काय करान? आईले मी घेऊन जातो," म्हणाला. मला कुणी विचारलं नाही. तिने पिशवी भरली. बसमध्ये चढताना मात्र म्हणाली, "होळीले येतो मी."

होळीला ती आली नाही. आधी डोळ्याचं ऑपरेशन निघालं, मग पाय सुजले. आता तिला प्रवास झेपणार नाही, असं दीर सांगतो. फोनवर तिला नीट ऐकू येत नाही. मी पेटीचं काढलं, तर ती विचारते, "कोणती पेटी?" मग आम्ही जेवणाचं बोलतो. काय केलं होतं, भाजी कोणती होती. ते संपलं की ती फोन दिराच्या हाती देते, आणि तो म्हणतो, "ठेवतो, वहिनी."