धामणीचे दात

अकरावीच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला मी सेनगावच्या पोरांना सांगत होते, आधी नीट बघायचं, मग लिहायचं, निष्कर्ष सगळ्यात शेवटी. तेवढ्यात बेसिनखालून धामण निघाली. पोरांनी टेबलावरचे लोखंडी स्टँड उचलले. मी "थांबा, थांबा" म्हणून घसा फाडून ओरडले, पण स्टँड पडतच राहिले. फरशीभर रक्त उडालं. साप केव्हाच मेला होता, तरी एक जण ठेचतच राहिला होता.

"काहून मारली रे?"

"मॅडम, धामण म्हशीच्या पायाला वेढा घालून दूध पिती."

"तू पाह्यलंस?"

"न्हाई. पण समद्यांनाच माहीत हाय."

माझं डोकं फिरलं. एकालाही बाहेर जाऊ दिलं नाही. साप ट्रेमध्ये ठेवला, त्या ठेचणाऱ्याच्याच हातात चिमटा दिला आणि जबडा उघडायला लावला. भिंगातून आत वळलेले सुईसारखे दात दिसले.

"दूध पिताना हे दात सडाला लागल्यावर म्हैस गप उभी राहील?"

सापाच्या फुटलेल्या पोटातून उंदीर बाहेर आला होता. सोयाबीन कुरतडणारा तो उंदीर पोरांनी लगेच ओळखला.

"आता कृती लिहा," मी म्हणाले. "जशी घडली तशी, क्रमानं."

एक मुलगी उठली आणि तिनं फळ्यावर लिहिलं : १. प्रथम सर्वांनी मिळून नमुना ठार मारला. २. नंतर त्याचे निरीक्षण केले.