चेन पुलीखाली कोण उभं राहणार?

आमच्या घरात स्वतःचा पान्हा नव्हता. विहिरीवरच्या मोटारीचा नट खोलायचा म्हटलं की आबा, म्हणजे माझे वडील, शेजारच्या रानात मागायला जायचे. तिथले काका चहा पाजायचे आणि टोमणाही मारायचे, "अरे, या पान्ह्याला आता आमच्याहून तुझंच घर जास्त वळखू येतं!" आबा हसायचे. मला हसू यायचं नाही. तिकडं भिजवणं थांबलेलं असायचं आणि आम्ही दुसऱ्याच्या सवडीची वाट बघायचो.

इंजिनिअरिंगला पुण्याला निघाले, तेव्हा मंठ्याच्या स्टँडवर आबांनी खिडकीतून एवढंच सांगितलं, "जल्दी कशालाच हो म्हणू नको. बराबर बघ, मंग हो म्हण."

हॉस्टेलची कॉट करकरायची. तिचे स्क्रू आवळायला मी फुटपाथवरून स्वस्तातला स्क्रू ड्रायव्हरचा सेट घेतला. मैत्रिणी म्हणाल्या, आठवडाभर टिकला तर नशीब. तो अजून माझ्या किचनच्या ड्रॉवरमध्ये आहे, कारण वर्षातून दोनचारदाच लागतो. पुढं चाकणच्या कंपनीत मेंटेनन्सला लागले. तिथं मात्र स्वस्तातले ड्रिल बिट एकाच शिफ्टमध्ये बोथट होताना पाहिले.

म्हणून गावातल्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनो, स्वस्त ते वाईट असं मी म्हणणार नाही. तशी ऐट आपल्याला कधी परवडली नाही, आणि ती शहाणपणाचीही नाही. क्वचित लागणारी वस्तू खुशाल स्वस्तातली घ्यावी. रोज हातात येणारी जरा बरी घ्यावी. पण सगळ्यात आधी विचारावं, ही मोडली तर हिच्यासोबत आणखी काय मोडेल?

मागच्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं. मोटार खालच्या टप्प्यावर उतरवायची होती. मी सुट्टीला आलेली. धाकट्या भावानं, गणेशनं, मोबाईलवरून चेन पुली, म्हणजे जड वस्तू वरखाली करायची साखळीची कप्पी, मागवली होती, निम्म्या किमतीत. ती विहिरीवरच्या गर्डरला टांगूनही झाली होती. मी हात लावून बघितली. किती भार पेलते त्याचा शिक्का कुठंच नाही, अडकवलेलं निसटू नये म्हणून हूकच्या तोंडाला असते ती खिट्टी नाही.

"खाली कोण उतरणार?" मी विचारलं.

"आबाच की. दरसाल तेच उतरतेत."

"मंग ही नको."

गणेश चिडला. चार माणसं जमलेली. "पुण्याहून आल्यापासून तुला सगळ्यातच खोट दिसून राह्यली, ताई. स्टार बघ किती हायेत हिला!"

आबांचा एक पाय पायरीवर होता. आमच्याकडं रीत आहे, नवा दोर आणला की आधी त्याला दगडाचं पोतं बांधायचं, मग मोटार. मी म्हटलं, हिलाही तसंच करू. त्यावर गणेश म्हणाला, "हे काय दोर हाय का? बिलकुल लोखंड हाय!" लोखंड आहे म्हणूनच या वेळी कुणाला पोत्याची आठवण झाली नव्हती.

आबा माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी पाय मागं घेतला. "भरा पोतं."

मोटारीच्या वजनाचे दगड भरले. पोतं अर्ध्यात गेलं आणि हूक हळूहळू उघडला, ओल्या मातीचा असावा तसा. पोतं खालच्या टप्प्यावर आदळलं. आबा दरसाल तिथंच उभे राहून मोटार धरतात. गणेशनं साखळी वर ओढली आणि उघडलेला हूक हातात घेऊन बघितला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं जालन्याला गेलो. हार्डवेअरच्या दुकानात शेठनी माझ्यावरून नजर पुढं नेली आणि गणेशला विचारलं, "बोला भाऊ, काय दाखवू?"

"तिला विचारा," गणेश म्हणाला. "इंजिनिअर ती हाय."

मी शिक्का बघितला, खिट्टी बघितली, साखळी हातातून फिरवली, आणि मगच हो म्हटलं. संध्याकाळी आधी दगड उतरले, मग मोटार, आणि काम झाल्यावर आबा पायऱ्या चढून वर आले.

भाड्याची खोली पुण्यात आहे, पगार पुण्यात आहे. घर कुठलं, असं कुणी विचारलं की मला ती विहीर सांगावीशी वाटते, कारण माझं शिक्षण तिथं माझ्या माणसांच्या कामी आलं. आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली. आणि आबा आजही रोज शेतात जातात.