खून की खूण

छापखान्यात त्यांना सगळे ‘ऱ्हस्वदीर्घ’ म्हणायचे. चौतीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली, त्यातली निम्मी तरी रहस्यकथांची. बायकोला मात्र त्या पुस्तकांचा तिटकारा. ती घरी बसून शाळेचे गणवेश शिवायची आणि मशीनवरून मान वर न करता म्हणायची, “रोज एक मुडदा पाडल्याशिवाय तुम्हाला घास गिळवत नाही का हो?”

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी दाढी करता करता ते कोसळले. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, शब्द मात्र ओठांपर्यंत येऊन मागे फिरायचा. बोलणं शिकवायला एक बाई आठवड्यातून दोनदा घरी येत, चित्रं दाखवत. कंगवा, पेला, छत्री. ते छत्रीकडे बघत बसायचे, कपाळावरची शीर तट्ट फुगायची, आणि शेवटी डाव्या हाताच्या एका फटक्यात सगळी चित्रं जमिनीवर.

“अहो, छत्री! साधी छत्री!” बायको रडकुंडीला यायची.

एका दुपारी काहीच सुचेना म्हणून तिने त्यांच्या कपाटातलं हाताला लागेल ते पुस्तक काढलं आणि मोठ्याने वाचायला बसली. “पोलिसांनी तिघांना बोलावून घेतलं. तिघांपैकी मुख्य...” पुढचा शब्द तिला लागेना.

“संशयित,” ते म्हणाले.

पाच महिन्यांतला पहिला शब्द. तिच्या हातातून पुस्तकच गळालं.

बाईंना कळल्यावर त्यांनी छत्री गुंडाळून ठेवली. “याच शब्दांनी जाऊ या. पायाखालची वाट आहे ती त्यांच्या.” मग एक वही घातली. पुरावा, सुगावा, हेतू, जबानी, साक्षीदार. बायको वाचायची, नेमक्या शब्दाआधी थांबायची, आणि ते तो शब्द पुरवायचे. जिथे ते अडायचे तिथे ती पुस्तकातच पेन्सिलीने फुली मारायची, म्हणजे बाईंना दाखवता येईल. तिला स्वतःलाच कितीतरी शब्द नवे होते. “सुगावा आणि पुरावा एकच ना?” तिने एकदा विचारलं. बाई म्हणाल्या, “सुगाव्याने कुठे शोधायचं ते कळतं. पुरावा चारचौघांत दाखवता येतो.” तिने जसंच्या तसं उतरवून घेतलं.

हळूहळू ते याच शब्दांवर संसार करू लागले. आंघोळ म्हणजे ‘चौकशी’, औषध म्हणजे ‘विष’. पहिल्यांदा ‘विष’ मागितलं तेव्हा ती कितीतरी दिवसांनी पोट धरून हसली. फक्त ‘ण’ काही केल्या येईना. पाणी हवं असलं की ‘पानी’. जन्मभर दुसऱ्यांचे ‘न’ आणि ‘ण’ लाल शाईने दुरुस्त करणारा माणूस! स्वतःचा ‘पानी’ ऐकला की त्यांची मान खाली जायची.

पण शब्द आले म्हणून कष्ट कमी झाले नाहीत. उठवणं, धुणं, भरवणं, कपडे बदलणं सगळं तिच्या एकटीवर. एका सकाळी अर्धा तास झाला तरी ते सदऱ्याच्या बाहीत हात घालू देईनात. वर दुधाचा पेला भिरकावला तो नेमका त्याच दिवशी पोचवायच्या गणवेशांच्या गठ्ठ्यावर. तिचा तोल गेला. तिने तो लुळा दंड धरला आणि होती नव्हती ती सगळी ताकद लावून गदागदा हलवला. संध्याकाळपर्यंत दंडावर तिची चार बोटं निळी उमटली. ती कुणाला काही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी परगावी नोकरीला असलेला मुलगा आला. वडिलांजवळ बसला, आणि बाही सरकली तसा दचकला. “बाबा, हे काय?”

त्यांनी डावा हात बायकोकडे उचलला. “हिनं,” ते म्हणाले. “खून.”

मुलगा एकदा आईकडे बघे, एकदा दंडाकडे. पण ते चिडून मान हलवत होते, कपाटाकडे बोट दाखवत होते. “पान! खून! पान!”

मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिने पुस्तक आणून मुलासमोर उघडलं. पानोपानी पेन्सिलीच्या फुल्या. छापून झालेल्या पानावर कुणी रेघ ओढलेली त्यांना कधी खपली नव्हती. लेकाकडे तिचीच तक्रार चालली होती. “खूण म्हणतायत रे,” ती म्हणाली. “पेन्सिलीची खूण.”

मुलगा हसत सुटला. “आई गं, मी काय काय समजलो!” डोळे पुसत तो म्हणाला, “आणि हाताला लागलं असेल कुठंतरी पडताबिडता.”

विषय तिथेच मिटला असता. त्याचा निर्धास्त झालेला चेहरा मात्र तिला बघवेना.

“पडले नाहीत. मी धरला होता हात. जोरात, रागाने.”

“किती वेळा?”

“एकदाच.”

“खरं?”

असा प्रश्न त्याने आईला आजवर कधी केला नव्हता. “त्यांनाच विचार,” ती म्हणाली.

त्याने विचारलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं. “अपघात,” ते म्हणाले.

अपघात नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं. ते तिला पाठीशी घालत होते, की त्या वेळी तेवढाच शब्द हाती लागला, हे तिला आजतागायत कळलेलं नाही.

मुलगा चार दिवस राहिला. आंघोळ, कपडे सगळं त्याने अंगावर घेतलं. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरातून त्याचा वडिलांवर ओरडण्याचा आवाज आला. थोड्या वेळाने तो ओल्या कपड्यांनी बाहेर आला आणि आईशेजारी मशीनपाशी बसून राहिला. जाण्याआधी त्याने रोज सकाळी येणारा एक माणूस ठरवून दिला.

आता तिला जरा पाठ टेकता येते. दर रविवारी मुलाचा फोन येतो. पूर्वी तो आधी बाबांचं विचारायचा, हल्ली म्हणतो, “तू बरी आहेस ना, आई?” ती बरी आहे म्हणून सांगते. त्यावर तो विचारतो, “खरं?”