तुडुमाचं बूच आणि माझी गदा

दिवाळीच्या सुट्टीआधीची गोष्ट. पोलीस भरतीच्या पोरांसाठी मी इंग्रजीचा कागद तयार करत बसलो होतो. मी दिवसा हायस्कूलचा मास्तर आणि हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकातला खलनायक. दोन्हीकडे ओरडावंच लागतं, म्हणून जमून जातं. त्या दिवशीचा शब्द होता ‘प्लग’. मोबाइलने त्याचे ढीगभर समानार्थी शब्द दिले आणि मी खुशीत त्यांच्यासमोर मराठी मांडत गेलो: बूच, बोळा, गुडदी, खुंटा, दट्ट्या, टोपण. वर लिहिलं, ‘या सर्वांचा अर्थ एकच.’ ठळक अक्षरांत. खाली रेघही मारली.

तेवढ्यात गल्लीतून माणसं तलावाकडे पळताना दिसली. मला बसून राहणं तसंही जमत नाही. कागद तसाच टाकून निघालो.

आमच्या तलावाला आतल्या बाजूने तुडूम आहे. पाळीला, म्हणजे तलावाच्या बांधाला, लागून दगडी बांधकाम, त्यात एकाखाली एक नारळाएवढी भोकं आणि प्रत्येक भोकात लाकडाचं बूच. पाणी हवं असलं की आमचा म्हातारा पाणकर बुडी मारून बूच काढतो. धानाला पाणी पोचलं की पुन्हा बुडी मारून ठोकून बसवतो. त्या सकाळी तो सगळ्यात खालचं बूच ठोकत होता आणि ते जुनं लाकूड त्याच्या हातातच उभं चिरलं. दोन्ही तुकडे पाटातून वाहून गेले. मागोमाग तलाव निघाला.

गावाचं हलकं, लवकर पिकणारं धान कापणीला आलं होतं, त्याला आता पाणी नको होतं. पण पाटाच्या शेवटच्या टोकाला मामीच्या चार बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची चार शेतं, होती. त्यांत भारी, उशिरा पिकणारं धान, नुकतं पोटरीतून बाहेर आलेलं. पंधरा दिवसांनी एक पाणी मिळालं तर दाणा भरणार, नाहीतर नुसता कोंडा. मामी म्हणजे माझी सख्खी मामी नव्हे. ती अख्ख्या गावाची मामी. चारही बांध्या एकटी करते आणि बोलण्यात कोणाची गय करत नाही. ती पाळीवर उभी राहून वाहणाऱ्या पाण्याकडे बघत होती.

“भाऊ, दुसरं बूच ठेवलं होतं ना तुमी?” तिने पाणकराला विचारलं.

“आढ्याले बांधून ठेवलं होतं,” म्हातारा धापा टाकत म्हणाला. “आता पाह्यलं, तर नाई तिथी.”

ते कुठे आहे हे गावात मला एकट्यालाच माहीत होतं.

दोन हिवाळ्यांमागे नाटकात मला गदा हवी होती. वडशाच्या आमच्या नाटक मंडळीने दिलेली गदा थर्माकोलची. पहिल्याच प्रयोगात नायकाच्या डोक्यावर मारली, तर गदाच मोडली आणि प्रेक्षक माझ्यावरच हसले. मग एक दिवस पाणकराच्या घरी आढ्याला ते बूच दिसलं. खाली निमुळतं, वर फुगीर, त्यातून निघालेला हातभर दांडा. इतकी देखणी गदा मी जन्मात पाहिली नव्हती. “घेऊन जातो गा भाऊ,” असं मी रीतसर म्हणालो. घरात कोणी नव्हतं हा भाग वेगळा. आठ दिवसांत परत आणणार होतो, पण ती मंडळीच्या पेटीतच राहिली.

आता हे पाळीवर पन्नास माणसांसमोर कसं सांगायचं? मी नटाला शोभेल असा मार्ग धरला. सगळ्यांपेक्षा जास्त धावपळ सुरू केली.

“बोळा घाला, तणसाचा बोळा,” मी ओरडलो. धानाच्या पेंढ्याचा भलामोठा बोळा खाली सोडला. तो भोकाने गिळला आणि पलीकडे पाटात फटकन बाहेर टाकला. “मग गुडदी. जाड गुडदी करा.” कोणीतरी पोत्याची घट्ट गुडदी केली, तीही गेली. मी खुंटा म्हटल्यावर बैलाचा खुंटा उपटून आणला. तो बारीक निघाला, भोवतालून पाणी शिट्टी वाजवत जात राहिलं. मी तुडुमाच्या या पायरीवरून त्या पायरीवर उड्या मारत पुढचा शब्द आठवत होतो.

“मास्तर,” मामी म्हणाली, “नावं नको सांगू गा. वस्तू आण.”

शेवटी पाणकराने एक चपटी फरशी भोकावर लावून वर पाय दिला. पाणी अर्धं थांबलं.

“मी किती वेळ उभा राहू?” त्याने विचारलं. त्याच्या गळ्यापर्यंत पाणी होतं.

“दोघंतिघं आलटूनपालटून उभे राहा,” मी म्हणालो. “मी वडशाहून बूच आणतो.”

“वडशाले बूच भेटते?” मामीने माझ्याकडे बघितलं. “थांब, मी पण येतो तुह्यासंगं.”

मी नको म्हणायच्या आत ती मोटरसायकलवर मागे बसली होती. गाव सुटून रस्ता लागला तरी ती गप्प होती. मामी गप्प असली की माझं गाडीवरचं लक्ष उडतं. पहिल्या फाट्यावर एक खड्डा चुकवला, दुसऱ्यात गेलो आणि तिसऱ्याच्या आधी सगळं बोलून टाकलं. आढं, गदा, थर्माकोल, आठ दिवस.



“त्या नाटकात मी समोरच बसली होती,” मग ती म्हणाली. “म्हटलं, या वर्षी गदा बरी केली यानं. टाळी पण वाजवली मी.” थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, “गाडी जोरानं चालव. म्हातारा थंडीनं मरून राह्यला असंल.”

वडशात आमच्या मंडळीच्या कार्यालयात मॅनेजर चहा पीत होता.

“माझी गदा कुठी हाय?” मी विचारलं.

“कोणती? लाकडाची? ते मागच्या वर्षीपासून बाळ हाय गा. दुसऱ्या अंकात आई त्याले नदीत सोडते ना, ते.”

त्याने पेटीतून एक गाठोडं काढलं. टोपडं, दुपटं आणि आत माझं बूच. त्यावर रंगाने डोळे, ओठ आणि गालाला काळी तीट. मी दुपटं सोडलं आणि दांडा शोधला. दांडा नव्हता.

“बाळाले दांडा रायते काय?” मॅनेजर म्हणाला. “कापून टाकला.”

परत येताना मामीने ते टोपड्यासकट मांडीवर धरलं होतं. स्टेशनजवळ गर्दीत गाडी हळू झाली, तर एका भाजीवालीने विचारलं, “नातू काय वो बाई?”

“नाई,” मामी म्हणाली. “याच्या पापाचं हाय.”

पाळीवर पोचलो तेव्हा फरशीवर तिसरा माणूस उभा होता आणि पाणकर शेकोटीपाशी बसला होता. मी बूच त्याच्या हातात दिलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं. स्वतःच्या हाताने तासलेलं लाकूड त्याने ओळखलं, मग ती तीट पाहिली, मग मला पाहिलं. मी सांगू लागलो तसा त्याने हात वर केला.

“नंतर सांगजो,” तो म्हणाला. बाळाचं तोंड खाली केलं, “डोये मिटून घे बा,” असं म्हणून बुडी मारली आणि खाली दगडाने ठोकल्याचा आवाज येत राहिला. पाटातलं पाणी हळूहळू बारीक होत थांबलं. बूच असं बसलं की थेंब गळेना. मी इतका खूश झालो की पाळीवरच वाकून प्रेक्षकांना नमस्कार केला. कोणी टाळी वाजवली नाही.

खरी भानगड पंधरा दिवसांनी कळली. मामीच्या धानाला पाणी द्यायचा दिवस आला. तलाव उतरल्याने वरची भोकं कोरडी पडली होती, म्हणून पाणकराने खालच्या बुचासाठी पाच बुड्या मारल्या. धरायला दांडाच नाही, लाकूड फुगून दगडात घट्ट बसलेलं. पाचव्या बुडीनंतर तो पायरीवर बसला आणि त्याने मान हलवली.

“आधी पाणी थांबून नाई राह्यलं,” मामी मला म्हणाली, “आता निघून नाई राह्यलं. दोन्ही बार तूच.”

बांध्यांना भेगा पडायला लागल्या होत्या. मी एक लोंबी दाबून पाहिली. दाणा अजून दुधात होता. मी पुन्हा वडशाला पळालो, ओळखीच्या एकाचं डिझेल इंजिन आणि पाइप मागून आणले, या वेळी माणसाला विचारून. इंजिन पाळीवर लावलं. पाइप पाटातून शेवटच्या टोकापर्यंत नेला. सुरू केलं तर शेवटच्या जोडाजवळ पाइपला वीतभर चीर. निम्मं पाणी तिथेच कारंज्यासारखं उडत होतं आणि मामीच्या बांधीपर्यंत धार पोचतच नव्हती. मी चिंधी बांधली, ती उडाली. सायकलची ट्यूब गुंडाळली, ती सरकली.

“बस तिथी,” मामी म्हणाली. “दोन्ही हात ठेव.”

“किती वेळ?”

“दाना भरेपर्यंत.”

मी चिखलात मांडी घालून बसलो आणि दोन्ही तळव्यांनी चीर दाबली. पाइप थरथरत होता, नाकाला खाज सुटली होती, खिशातला मोबाइल वाजत होता. मी हललो की धार तुटायची आणि पलीकडून मामीची हाक यायची, “मास्तर.” मग मी पुन्हा दाबायचो. आयुष्यात मी इतका वेळ एका जागी बसलेलो नाही, रंगमंचावर मेलेला असतानासुद्धा. पहिली बांधी भरली, दुसरी भरली. ऊन उतरायला लागलं तेव्हा मामी शेवटच्या बांधीच्या कोपऱ्यात फावडं घेऊन उभी होती. मी तिच्या पायांकडे बघत होतो. आधी पावलं ओली झाली. मग घोटे बुडाले.

तिने फावड्याने तोंडाशी दोन ढेकळं टाकून बांधी बंद केली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, “सोड आता.”

मला हात पटकन सोडता आले नाहीत. बोटं तशीच आखडून बसली होती.